बोनेट गार असताना

तेरखेड्यात फटाके तयार होतात, त्यामुळे ताकद कुठून येते हे इथल्या पोरांना वेगळं शिकवावं लागत नाही. चिमूटभर दारू कागदावर मोकळी पेटवली तर भपकन जळून जाते. तीच थरावर थर देऊन घट्ट आवळली की कानठळ्या बसवते. पेट्रोल इंजिनात हेच घडतं. हवा आणि पेट्रोलचं मिश्रण पिस्टन दाबतो आणि मग ठिणगी पडते. टर्बो म्हणजे त्याच सिलिंडरमध्ये जास्तीची हवा कोंबणारा पंखा, आणि त्याला फिरवतो इंजिनातून बाहेर पडणारा धूर. म्हणूनच 1.2 लिटरचं लहानसं इंजिन 105 हॉर्सपॉवर देतं.

आमच्या गावावरून सोलापूर–धुळे महामार्ग जातो. चौपदरी झाल्यापासून वेगवान गाडीची हौस गावोगाव पोचली, आणि पुण्या-मुंबईत पाच-सात वर्षं वापरलेल्या गाड्या साध्या नव्या हॅचबॅकच्या भावात इकडे येऊ लागल्या. पोरं विचारायला येतात, "दादा, ही घेऊ का?" मी तेव्हा जे सांगतो ते इथं नीट मांडतो.

स्पोर्ट्स कार म्हटलं की दोन दारांची, जमिनीला टेकलेली गाडी डोळ्यासमोर येते. तशी ‘सॅन स्टॉर्म’ एकेकाळी गोव्यात बनायची, दोनच माणसांची, फायबरच्या अंगाची. पण आपल्या रस्त्यांवर आणि खिशात बसणाऱ्या गाड्या वेगळ्या. बाहेरून घरच्यासारख्या, आत दमदार. त्यातल्या चांगल्या गाड्या महाराष्ट्रातच बनल्या. फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय चाकणची, 2013 पासूनची. फियाटची अबार्थ पुंटो रांजणगावची, 2015 ची, 1.4 लिटर टर्बो, 145 हॉर्सपॉवर. आणि आमच्याच महामार्गानं वर संभाजीनगरला गेलं की शेंद्र्यात स्कोडाचा कारखाना. ऑक्टाव्हिया 2001 पासून तिथं जुळवली जायची. तिचा 2017 चा आरएस अवतार 230 हॉर्सपॉवरचा.

आकडा ऐकून भुलू नका. ताकदीला वजनानं भागायचं. पोलो जीटीचे 105 हॉर्सपॉवर साधारण 1.1 टन वजन ओढतात, म्हणजे टनामागे पंचाण्णव. ज्या फॉर्च्युनरला गावात सगळे वळून बघतात, तिचं 2.8 लिटरचं डिझेल इंजिन अलीकडे 204 हॉर्सपॉवर देतं, पण गाडी दोन टनांच्या वर. भागाकार केला तर दोघी जवळपास एकाच पातळीवर. अबार्थ पुंटो टनामागे एकशेवीसच्या घरात जाते. शिवाय हलकी गाडी लवकर थांबते आणि वळणावर कमी झुकते, टायर आणि ब्रेकही कमी खाते. हा फायदा हॉर्सपॉवरच्या आकड्यात दिसत नाही.

दुसरा आकडा टॉर्कचा, आणि तो इंजिनाच्या मिनिटाला किती फेऱ्यांना मिळतो हे महत्त्वाचं. पोलो जीटीचा 175 न्यूटन-मीटर टॉर्क 1500 फेऱ्यांपासूनच हजर असतो. म्हणून उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरला ओलांडताना इंजिन ओरडवावं लागत नाही.

आता गाडी बघायला जाऊ या. विकणाऱ्याला आदल्या दिवशीच सांगा, "मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका." पोचल्यावर पहिल्यांदा तळहात बोनेटवर ठेवा. ते गरम असेल तर चहा प्या, गप्पा मारा, वाटलं तर दुसऱ्या दिवशी जा. माझ्या पहिल्या सेकंडहँड गाडीचं बोनेट गरम होतं आणि मी ते मनावर घेतलं नाही, कारण माझा जीव तिच्या लाल रंगावर जडला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात ती सुरू केली तेव्हा आधी खळखळ आवाज आला, मग मागून निळसर धूर निघाला. गार इंजिनात तेलाचा दाब यायला क्षणभर लागतो. टायमिंग चेन सैल पडली असेल तर ती नेमकी त्या क्षणात वाजते आणि दाब आला की गप्प होते. टर्बोची किंवा व्हॉल्व्हची सील गेली असेल तर रात्रभर झिरपलेलं तेल पहिल्या मिनिटात जळतं, तो निळा धूर. गरम इंजिन या दोन्ही गोष्टी झाकून टाकतं. पांढरा धूर गाडी तापल्यावरही थांबत नसेल आणि त्याला गोडसर वास असेल, तर कूलंट जळतंय. तिथून सरळ घरी या.

सोबत स्कॅनर असलेला मेकॅनिक न्या. स्कॅनरमध्ये एकही बिघाड दिसला नाही म्हणून खूश होऊ नका. आदल्या दिवशी बिघाडाच्या नोंदी पुसल्या असतील तर गाडीच्या स्वतःच्या तपासण्या अर्धवट दिसतात, कारण त्या पूर्ण व्हायला गाडी काही अंतर चालावी लागते. इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवलेली आहे का, हेही तोंडावर विचारा. अशा गाडीचा क्लच, गिअरबॉक्स आणि टर्बो मूळ हिशेबापेक्षा जास्त राबलेले असतात. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीच्या मूळ रचनेतल्या बदलांवर मर्यादा घालतं, आणि विमा कंपनीला न सांगितलेला बदल दाव्याच्या वेळी अडचण करतो.

गिअरबॉक्सपाशी थोडं थांबू. पोलो जीटी टीएसआयमध्ये सात गिअरची डीएसजी पेटी आहे. तिच्या आत दोन क्लच असतात. एकावर 1, 3, 5, 7, दुसऱ्यावर 2, 4, 6. तुम्ही दुसऱ्यात असता तेव्हा तिसरा आधीच लावून ठेवलेला असतो, म्हणून बदल डोळ्याची पापणी लवायच्या आत होतो. पण या पेटीचे क्लच कोरडे आहेत, तेलात बुडालेले नाहीत, त्यामुळे रांगत्या गर्दीत ते तापतात. ऑक्टाव्हिया आरएसची सहा गिअरची पेटी तेलातली; ती जास्त सोसते, मात्र 60,000 किलोमीटरला तिचं तेल बदललेलं हवं. पावती बघा. डीएसजीची परीक्षा मोकळ्या रस्त्यावर होत नाही. अर्धा तास चालवून तापवा, मग ट्रॅक्टरमागे पायी चालण्याच्या वेगानं दहा मिनिटं रांगा, चढावर रिव्हर्स घ्या. दुसऱ्यातून पहिल्यात येताना झटका किंवा थरथर जाणवली तर दुरुस्तीचा अंदाज काढल्याशिवाय पुढे बोलूच नका.

खरी गंमत वळणावर असते, आणि सेकंडहँड गाडीत सगळ्यात जास्त दुर्लक्ष तिथंच झालेलं असतं. स्प्रिंग गाडीचं वजन पेलते, शॉकअप स्प्रिंगची उसळी आवरतो. शॉकअप मेला तरी गाडी उभी दिसते तशीच दिसते, म्हणून मालकाला पत्ता लागत नाही. आमच्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावरचे आतले रस्ते लाटांसारखे वरखाली होतात. गाडी तपासायला याहून चांगली जागा नाही. महामार्ग सोडून अशा रस्त्याला लागा, चाळीसच्या वेगानं जा. लाट ओलांडल्यावर गाडी एकदा बसून शांत व्हायला हवी. परत डुलली, तर शॉकअप गेले. खड्ड्यात टकटक वाजली तर लिंक रॉड किंवा बुश. ब्रेक मारताना एका बाजूला ओढली तर कॅलिपर अडकलाय किंवा पुढच्या आर्मचा बुश फाटलाय. बुश म्हणजे रबराचा मुठीएवढा तुकडा, पण तो फाटला की चाक ब्रेकखाली स्वतःची दिशा बदलतं. मग स्टिअरिंगवर भरवसा राहत नाही, आणि भरवसा नसेल तर 145 हॉर्सपॉवर असून उपयोग काय?

टायरची बाजू वाचा. शेवटचे चार आकडे तारखेचे असतात. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. नक्षी भरगच्च दिसत असली तरी सहा-सात वर्षांचं रबर कडक झालेलं असतं आणि ओल्या रस्त्यावर घसरतं. चारही टायर वेगवेगळ्या कंपन्यांचे असतील तर मालकाचा हात कुठे आखडतो ते कळलं. फक्त आतल्या कडेनं झिजलेले असतील तर अलाइनमेंट बिघडलंय, कदाचित ठोकर लागून. मग बोनेटखालच्या बोल्टांचे रंग उडालेत का, दारांच्या खांबांवर वेल्डिंग पुन्हा केलंय का, ते बघा. मग येडशीच्या घाटात न्या. सावकाश उतरा, मध्ये तीन-चार वेळा ठाम ब्रेक लावा. पेडल खाली जाऊ लागलं तर ब्रेक ऑइल जुनं आहे. स्टिअरिंग थरथरलं तर डिस्क वाकडी.

किमतीबद्दल माझं मत सरळ आहे. सहा लाख असतील तर पाच लाखांची गाडी बघा. उरलेल्या लाखात टायर, शॉकअप, बुश आणि सगळी तेलं येतात, आणि गाडी जशी बनवली होती तशी परत होते. अबार्थ पुंटो चालवायला माझी सगळ्यात आवडती, पण फियाटनं भारतात गाड्या विकणं थांबवलं आहे. तिचा एक हेडलॅम्प शोधण्यात महिना जाऊ शकतो. ऑक्टाव्हिया आरएस घेणाऱ्यानं गॅरेज तेरखेड्यापासून शंभरावर किलोमीटर दूर असेल हे धरूनच चालावं. आमच्या भागातल्या माणसाला मी 2020 ते 2022 मधली पोलो 1.0 टीएसआय सुचवतो, सहा गिअरची मॅन्युअल. ताकद 110 हॉर्सपॉवर, टॉर्क जीटीएवढाच 175, आणि दोन क्लचांची काळजी नाही. ह्युंदाईची आय20 एन लाइन, 2021 पासूनची, 120 हॉर्सपॉवरची, हीही बघावी. तिचे बरेचसे भाग साध्या आय20 चेच असल्यानं सहज मिळतात.

कागद शेवटी, पण पैशाच्या आधी. सातबारा न बघता आपण गुंठाभर जमीन घेत नाही. आरसी हा गाडीचा सातबारा. त्यावर बँकेचा बोजा असेल तर फॉर्म 35 आणि बँकेची एनओसी हवी. मालकी बदलायला फॉर्म 29 आणि 30 लागतात. गाडी परराज्यातली असेल तर फॉर्म 28 ची एनओसी आणि इथला रोड टॅक्स हेही किमतीत धरा. थकलेली ई-चलनं नंबरावरून कळतात. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्यासोबतच जातो, तुम्हाला मिळत नाही, तेव्हा विम्याचा हप्ता त्या हिशेबानं विचारा.

आणि दुसरी किल्ली मागा. या गाड्यांच्या किल्लीत चिप असते, नवी करून घेणं महाग पडतं. पैसे हातात देण्याआधी दोन्ही किल्ल्यांनी गाडी एकेकदा सुरू करून बघा.