जखम खरी, कागद जळाला

१२ जुलै १९७३. अमेरिकेत सेंट लुईसजवळच्या लष्करी अभिलेखागाराचा सहावा मजला पेटला आणि सुमारे १.६ ते १.८ कोटी फायली राख झाल्या. १९१२ ते १९६० दरम्यान भूदलातून सेवामुक्त झालेल्यांच्या तर जवळपास ८० टक्के. नक्कल नव्हती, मायक्रोफिल्मही नव्हती!

त्यामुळे कोरियाच्या युद्धात छर्रा लागलेला म्हातारा सैनिक जखमी सैनिकांना मिळणारं ‘पर्पल हार्ट’ पदक मागायला गेला, की अंगावरचा व्रण पुरत नाही. जखम शत्रूच्या कारवाईतली होती आणि तिच्यावर वैद्यकीय उपचार झाले, हे दाखवावं लागतं.

वाट मात्र बंद नाही. तुकडीचे रोजचे सकाळचे अहवाल, रुग्णालयात भरती झाल्याच्या नोंदी, सोबत्यांची शपथपत्रं असा पुरावा जोडता येतो. नकार आलाच, तर भूदलाच्या अभिलेख-दुरुस्ती मंडळाकडे दाद मागता येते. अर्जदार हयात नसला, तर वारसही अर्ज करू शकतात.