मिरचीच्या बियांचं तेल: गुडघेदुखीवर औषध की हात भाजणारी बाटली?

हिंगणघाट म्हटलं की आधी कापूस आठवतो. वेचणीच्या दिवसांत पहाटेपासून वाकून वाकून कंबर धरते, गुडघे बोलू लागतात. संध्याकाळी मोबाईल हातात घेतला की समोर रील येते: ‘मिरचीच्या बियांचं तेल लावा, सांधेदुखी पळवा, केसही वाढवा.’ खाली ऑर्डर करण्याची लिंक असते. बाटलीवर ‘शंभर टक्के नैसर्गिक’ असं लिहिलेलं असतं.

यातली एक गोष्ट खरी आहे. मिरचीतला एक घटक वेदनेवर खरंच काम करतो आणि डॉक्टर तो वापरतातही. पण तो घटक बियांमध्ये फारसा नसतो, आणि तो नेमका किती लावायचा हे बाटलीवर क्वचितच लिहिलेलं असतं. धोका इथेच आहे.

तिखटपणा नेमका कुठे असतो?

‘मिरचीचा झणका बियांत असतो’ असं घरोघरी सांगितलं जातं. ते बरोबर नाही. मिरचीला तिखट करणाऱ्या द्रव्याचं नाव कॅप्सेसिन. ते तयार होतं मिरचीच्या आतल्या पांढरट गराच्या शिरांमध्ये, ज्यांना बिया चिकटलेल्या असतात. बिया तिखट लागतात, कारण त्या शिरांमधलं कॅप्सेसिन त्यांना बाहेरून लागलेलं असतं.

त्यामुळे नुसत्या बिया घाण्यावर दाबून काढलेलं तेल हे मुख्यतः सूर्यफुलासारखंच खाद्यतेल असतं. त्यात लिनोलिक आम्ल भरपूर असतं आणि कॅप्सेसिन कमी. ‘इसेन्शियल ऑइल’ म्हणजे निलगिरी किंवा पुदिन्यासारखं वाफेवर काढलेलं सुगंधी तेल. कॅप्सेसिन वाफेबरोबर सहज येत नाही. म्हणून बाजारात या नावाने मिळणारी जी तेलं खरंच झोंबतात, त्यांत बहुतेक वेळा मिरचीचा दाट अर्क मिसळलेला असतो. दोन बाटल्यांवर एकच नाव असलं तरी एक साधं खाद्यतेल आणि दुसरी त्वचा भाजणारी असू शकते.

झोंबणाऱ्या वस्तूने दुखणं कसं थांबतं?

आपल्या त्वचेतल्या वेदनेच्या मज्जातंतूंवर एक ‘दार’ असतं. साधारण ४३ अंश सेल्सियसच्या वर उष्णता लागली की ते उघडतं आणि मेंदूला ‘भाजतंय’ असा निरोप जातो. कॅप्सेसिन हेच दार उष्णता नसतानाही उघडतं. म्हणूनच मिरची लागली की आग झाल्यासारखं वाटतं. हे दार १९९७ साली डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने शोधून काढलं. याच कामासाठी त्यांना २०२१ साली आर्डेम पातापुटियन यांच्यासोबत वैद्यकशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं.

तेच दार पुन्हा पुन्हा उघडत राहिलं की मज्जातंतूची टोकं थकतात. काही काळ ती वेदनेचा निरोप पाठवणं कमी करतात. औषध म्हणून कॅप्सेसिनचा उपयोग होतो तो यामुळे. अर्थात, हा परिणाम एका दिवसात दिसत नाही. सौम्य मलम दिवसातून तीन-चार वेळा, सलग काही आठवडे लावावं लागतं. मधेच सोडून दिलं तर फक्त आगच पदरी पडते. शिवाय झिजलेला सांधा याने भरून येत नाही, फक्त दुखणं कमी जाणवतं.

औषधातलं प्रमाण किती असतं?

दुखण्यावर लावायच्या सौम्य मलमांत साधारण ०.०२५ ते ०.१ टक्का कॅप्सेसिन असतं. म्हणजे १०० ग्रॅम मलमात २५ ते १०० मिलीग्रॅम. गुडघ्याचा किंवा हाताचा संधिवात आणि नागीण होऊन गेल्यावर राहणारी वेदना यांवर काही रुग्णांना त्याने आराम मिळतो, सर्वांना नाही.

८ टक्क्यांची पट्टीही असते. नागिणीनंतरच्या वेदनेसाठी अमेरिकेत तिला २००९ साली मान्यता मिळाली. २०२० साली मधुमेहामुळे पायांत होणाऱ्या मज्जातंतूच्या वेदनेसाठीही ती मान्य झाली. पण ती प्रशिक्षित डॉक्टर किंवा परिचारिकाच लावतात, तीही हातमोजे घालून आणि मोजून ३० ते ६० मिनिटं. सौम्य मलमापेक्षा ही पट्टी ८० ते ३२० पट तीव्र आहे. घरच्या बाटलीतलं प्रमाण यांपैकी कशाच्या जवळ आहे, हे लेबलवर नसेल तर कळायला मार्ग नाही.

केस वाढतात आणि चरबी वितळते, हे दावे मात्र भक्कम पुराव्याशिवाय केलेले आहेत. टाळूवर लावलेलं तेल घामाबरोबर डोळ्यांत उतरतं, हे मात्र नक्की.

हात भाजणं किती खरं आहे?

हे विदर्भाला नव्याने सांगायला नको. नागपूर जिल्ह्यातल्या भिवापूरच्या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. तिथल्या मिरची सातऱ्यांवर बसून देठ खुडणाऱ्या बायांना विचारा, संध्याकाळी हातांची किती आग होते ते. ती तर अख्खी सुकी मिरची असते. अर्क त्याहून कितीतरी तीव्र असतो. पोलिसांच्या मिरची स्प्रेमध्येही हाच अर्क वापरला जातो.

वापरायचंच असेल तर

• कॅप्सेसिनचं प्रमाण छापलेलं औषधी मलम घ्या, तेही डॉक्टरांना किंवा औषध दुकानदाराला विचारून. वेदनाशामक जेलमध्ये कॅप्सेसिनसोबत मिथाइल सॅलिसिलेट असू शकतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू असतील तर ते आधी सांगा.
• आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडंसं लावून २४ तास पाहा. फोड किंवा सूज आली तर पुढे लावू नका.
• जखम, भेगा, पुरळ, डोळे, तोंड आणि नाजूक जागा टाळा. कापसाच्या बोंडांनी ओरबाडलेल्या हातांवर तर अजिबात नको.
• हातमोजे घाला. बोटांचंच दुखणं असेल तर लावल्यावर अर्ध्या तासाने हात साबणाने धुवा.
• वरून शेकू नका, घट्ट पट्टी बांधू नका, लगेच गरम पाण्याने आंघोळ करू नका. मे महिन्यातल्या उन्हात आणि घामात आग आणखी वाढते.
• लहान मुलांना लावू नका आणि बाटली त्यांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका. गरोदर आणि स्तनपान करणाऱ्या महिलांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

मधुमेह असलेल्यांनी सर्वात जास्त जपावं. पायाला बधिरपणा आला असेल तर त्वचा भाजली तरी कळत नाही. साधा फोड चिघळून मोठी जखम होऊ शकते. अशा पायाला रीलमधलं कोणतंही तेल लावण्याआधी तो डॉक्टरांना दाखवा.

आग झालीच तर?

कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. म्हणून नुसतं पाणी ओतून फारसा उपयोग होत नाही. आधी कोरड्या कापडाने पुसा, मग खाण्याचं तेल चोळून पुसून काढा आणि नंतर साबणाने धुवा. त्यावर थंड पाण्यात भिजवलेला कपडा ठेवा. डोळ्यांत गेलं तर चोळू नका, तेलही घालू नका. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर काढा आणि भरपूर स्वच्छ पाण्याने १५ मिनिटं डोळे धुवा. फोड आले, दिसणं धूसर झालं तर लगेच दवाखाना गाठा. श्वास घ्यायला त्रास होत असेल तर १०८ वर फोन करा.

गुडघा महिनाभर दुखतोय, सुजलाय किंवा रात्री झोपू देत नाही, तर बाटली मागवण्याआधी तो तपासून घ्या. दुखणं दाबलं गेलं तरी त्याचं कारण तसंच राहतं.