ईदनंतरचे दान

रमजान निम्मा सरला की मित्र विचारतात, ‘सर, जकात म्हणजे नक्की काय?’ साडेबावन्न तोळे चांदीच्या किमतीइतकी बचत वर्षभर शिल्लक राहिली, तर तिचा चाळिसावा हिस्सा गरिबाच्या हक्काचा, हे मी सांगतो. वक्फचे मात्र सांगायचे राहून जाते. हल्ली वक्फ म्हटले की लोकांना वादाच्या बातम्याच आठवतात.

हजरत उमर यांना खैबरमध्ये उत्तम जमीन मिळाली. पैगंबर साहेबांच्या सल्ल्याने त्यांनी ती राखून ठेवली. विकायची नाही, बक्षीस द्यायची नाही, वारसांत वाटायची नाही. उत्पन्न गरिबांचे, नातलगांचे, वाटसरूंचे. देवस्थान इनाम ठाऊक असलेल्या आपल्या वाचकांना हे परके वाटू नये.

मराठवाड्यात याचा नमुना म्हणजे छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की. परभणीहून गेलेल्या शाळेच्या सहली तिथे वडाखाली डबे सोडतात. डोंगराकडून मातीच्या नळांनी आणलेल्या पाण्यावर 18व्या शतकात ही चक्की फिरू लागली, ती कुणाच्या नफ्यासाठी नव्हे. बुखारा भागातून आलेल्या सूफी बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात उतरणाऱ्या फकिरांसाठी आणि यात्रेकरूंसाठी तिच्यावर दळण होई. त्याच आवारात मदरसा, सराय आणि ग्रंथालय. शिकणारा पोरगा आणि थकलेला फकीर, दोघांची सोय एकाच ठिकाणी. दाते गेले तरी जाते थांबले नाही.

जकातीने हे होत नाही. हनफी मतानुसार ती गरजूच्याच हातात पडावी लागते. शाळेची भिंत किंवा शिक्षकाचा पगार त्यातून निघत नाही. आणखी एक नियम वर्गात सांगितला की मुले गप्प होतात : जकात स्वतःच्या आई-बापाला देता येत नाही. त्यांना सांभाळणे हे दान नव्हेच, ते मुलाचे कर्तव्य.

पण मुलगा पुण्यात, फोन उचलत नाही, अशा म्हाताऱ्यांचे काय? शेजारी जकात देऊ शकतात, देतातही. पण बहुतेक याच महिन्यात. मागच्या रमजानमध्ये आमच्या गल्लीतल्या एका खालांकडे तीन घरांतून खजूर पोचले. त्यांना हव्या होत्या बीपीच्या गोळ्या, त्याही बारा महिने. मी चौथा डबा घेऊन गेलो, तेव्हा हसून म्हणाल्या, ‘‘खजूर राहू दे बेटा, ईद झाल्यावर ये.’’