जव्हारचे ओहोळ आणि रक्तातला सिकलसेल

बोईसर स्टेशनच्या पश्चिमेला तारापूरचा समुद्र आहे. पूर्वेला विक्रमगडवरून चढत गेलं की जव्हार लागतं, साधारण दीड हजार फुटांवर. तिथे एका पावसाळ्यात अडीच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, पण काळा कातळ तो फारसा मुरू देत नाही. पाऊस ओसरला की ओहोळांत संथ, निवळ धार उरते आणि खाचरांत पाणी साचून राहतं. हिवतापाच्या डासांना नेमकं हेच हवं असतं. अ‍ॅनोफिलिस फ्लुव्हिआटिलिस अशा निवळ, संथ ओहोळांच्या कडेला अंडी घालतो, तर अ‍ॅनोफिलिस क्युलिसिफेसीसला खाचरं आणि नदीपात्रातली डबकी चालतात. ज्या ओहोळावर पाडा जगला, त्याच्याच काठी ताप वाढला.

वारली, कोकणा, कातकरी पिढ्यान्‌पिढ्या याच मुलखात राहत आले. माणसाची उत्क्रांती म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे आफ्रिकेतले पुराणे सांगाडे येतात; इथे तिची खूण आजच्या माणसांच्या रक्तात सापडते, सिकलसेलच्या रूपात.

हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत 146 अमिनो आम्लं असतात. जनुकातलं एकच अक्षर बदललं की सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. मग ऑक्सिजन कमी पडला की हे रेणू एकमेकांना चिकटून त्यांचे लांब दांडे होतात आणि गोल तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. निरोगी पेशी सुमारे 120 दिवस टिकते, ही जेमतेम 10 ते 20 दिवस.

असं बदललेलं जनुक आई किंवा वडील, एकाकडूनच आलं तर माणूस फक्त वाहक असतो आणि त्याला सहसा काही त्रास होत नाही. उलट फाल्सिपॅरम हिवतापाचा जंतू त्याच्या पेशीत शिरला की ती पेशी लवकर वाकते आणि जंतूची वाढ पुरी होण्याआधीच पाणथरी तिला रक्तातून काढून टाकते. जीवघेण्या हिवतापातून अशी लेकरं जास्त वाचली. अँथनी अ‍ॅलिसन यांनी हा संबंध 1954 साली पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवला. भारतात हे जनुक 1952 मध्ये निलगिरीत आढळलं होतं. हा बदल डासाने घडवला नाही, पाण्यानेही नाही. तो आपसूक झाला. तो कुठे टिकेल, हे मात्र हिवतापाने ठरवलं.

याची किंमत फार मोठी आहे. नवराबायको दोघं वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल सिकलसेलग्रस्त होण्याची शक्यता 25 टक्के, वाहक होण्याची 50 आणि पूर्ण मोकळं राहण्याची 25 टक्के असते. पहिलं मूल आजारी निघालं म्हणजे पुढची तीन सुटली, असं नाही. दर वेळी हिशेब नव्याने सुरू होतो. ग्रस्त मुलाला एक जनुक आईकडून तर दुसरं बापाकडून आलेलं असतं. तरी दोष सुनेच्याच माथी मारला जातो, हे मला असह्य वाटतं.

आता हिवताप पूर्वीसारखा राहिला नाही, त्यामुळे वाहकाचा फायदा ओसरला. जनुक मात्र अनेक पिढ्या राहणार. त्यात डोंगरातली माणसं भात झोडून झालं की वसई-भिवंडीच्या वीटभट्ट्यांवर उतरतात, कोणी तारापूरच्या एमआयडीसीत कामाला लागतं. उन्हात घाम जातो, पाणी प्यायला उसंत नसते. सिकलसेलग्रस्ताचं शरीर कोरडं पडलं की पेशीतलं हिमोग्लोबिन दाट होतं, पेशी वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्या तुंबतात. हाडं ठणकू लागतात. मुकादमाला तो कामचुकारपणा वाटू शकतो, प्रत्यक्षात त्या हाडांना रक्तच पोहोचत नसतं. ग्रस्त माणसाला वेळेवर पाणी आणि सावली मिळणं हा उपचाराचाच भाग आहे.

1 जुलै 2023 पासून देशभर सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू आहे. आधी सोल्युबिलिटी चाचणी होते. ती पॉझिटिव्ह आली की इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीवर वाहक कोण, ग्रस्त कोण हे कळतं. ही तपासणी लग्न ठरण्याआधी व्हायला हवी. ग्रस्तांना हायड्रॉक्सियुरिया देतात. आईच्या पोटात असताना बाळाचं जे हिमोग्लोबिन असतं, ते या औषधाने पुन्हा वाढतं, आणि ते असलं की दांडे सहजी तयार होत नाहीत. भारतात आढळणाऱ्या सिकलसेलच्या प्रकारात हे हिमोग्लोबिन बऱ्याच जणांत मुळातच थोडं जास्त असतं.