लाकडाची साक्ष

तज्ज्ञाला सत्य समजले म्हणून ते न्यायालयाला पटेलच असे नाही. ज्यूरीतील माणसे तुमच्याआमच्यासारखीच. त्यांना सूक्ष्मदर्शकात डोकावण्याची सवय नसते. मग पुरावा दाखवायचा कसा? १९३५ साली अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात फ्लेमिंग्टन येथे चाललेला खटला या दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

१ मार्च १९३२ रोजी वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग यांच्या तान्ह्या मुलाचे अपहरण झाले व पुढे त्याचा मृतदेह सापडला. घराजवळ तीन भागांची एक ओबडधोबड लाकडी शिडी पडलेली होती. ब्रुनो हाउप्टमान या सुतारावर खटला भरला गेला. साक्षीदार होते आर्थर कोहलर, मॅडिसन येथील सरकारी वनोत्पादन प्रयोगशाळेतील लाकूडतज्ज्ञ. लाकडाचा तज्ज्ञ असा प्रकारच नसतो, असा आक्षेप बचाव पक्षाने घेतला. न्यायाधीशांनी तो मान्य केला नाही.

शिडीच्या एका उभ्या दांड्याच्या कडांवर हातरंध्याचे ओरखडे होते. रंध्याच्या पात्याची धार जेथे बारीकशी तुटलेली असते, तेथे लाकडावर उंचवट्याची रेघ उमटते. अशा रेघांची संख्या आणि त्यांमधील अंतरे ही त्या पात्याची ओळखच म्हणावी. कोहलर यांनी हे नुसते सांगितले नाही. न्यायाधीशांच्या मेजाला वाइस लावून हाउप्टमानच्या रंध्याने त्यांनी एक लाकूड तेथेच रंधले. त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासली. लहान मुले नाण्याचा ठसा घेतात, तीच ही युक्ती! तो ठसा शिडीवरील ओरखड्यांच्या ठशाशी जुळतो, हे ज्यूरीला पाहता आले. आमच्या मते याहून चांगला तक्ता कोणी काढू शकला नसता.

दुसरा मुद्दा अधिक नाजूक होता. त्याच दांड्याला चौकोनी खिळ्यांची चार जुनी भोके होती. हाउप्टमानच्या घराच्या माळ्यावरील तक्तपोशीत एका फळीचा तुकडा कापून नेलेला होता. दांडा तेथे ठेवल्यावर ती भोके खालच्या वाशांतील भोकांवर बसली. वार्षिक वलयेही जुळत होती. वसंतातील वाढ फिकी, नंतरची गडद. आणि प्रत्येक वर्षाच्या पट्ट्याची रुंदी वेगळी. मात्र दांडा व उरलेली फळी यांच्यामध्ये इंच-दीड इंच लाकूड नाहीसे झालेले होते. दोन्हीकडच्या रेषा त्या फटीतून कशा जोडल्या जातील, हे रेखाटून दाखवावे लागले.

येथे थांबून विचार करावा. दोन्ही टोकांच्या रेषा हे निरीक्षण. मधल्या रेषा हे अनुमान. चित्रात दोन्ही सारख्याच ठळक दिसल्या, तर पाहणाऱ्याला तो फरक कळणार नाही, आणि येथे तर माणसाच्या प्राणाचा प्रश्न होता. (आपल्या पाठ्यपुस्तकांतील आकृत्याही हा फरक फार क्वचित पाळतात.) हाउप्टमानला ३ एप्रिल १९३६ रोजी देहदंड दिला गेला. तो अखेरपर्यंत आपण निर्दोष असल्याचे सांगत राहिला, आणि त्या दांड्याविषयीचा वाद नंतरही चालूच राहिला.

वर्गात हा प्रयोग सहज करता येईल. रेषा स्पष्ट दिसणारी सागवानी पट्टी सुताराकडून घ्यावी. मधला इंचभर तुकडा कापून बाजूला ठेवावा. उरलेले दोन तुकडे कागदावर तेवढेच अंतर सोडून ठेवावेत व मुलांना मधल्या रेषा तुटक रेघांनी काढायला सांगाव्यात. मग कापलेला तुकडा शेजारी ठेवावा. एखादी गाठ मध्ये आलेली असल्यास तर फारच उत्तम.