स्वप्नातील हालचाली आणि पार्किन्सनची पूर्वसूचना

हातापायांचा कंप आणि हालचालींतील मंदपणा ही पार्किन्सनच्या आजाराची परिचित लक्षणे असली, तरी अनेक रुग्णांमध्ये त्याच्या कितीतरी वर्षे आधी झोपेत बिघाड सुरू झालेला असतो. निरोगी माणसाच्या झोपेत बंद पापण्यांखाली डोळे वेगाने हलतात आणि ठळक स्वप्ने पडतात, अशी एक अवस्था वारंवार येते. तिला ‘रेम’ निद्रा म्हणतात. या अवस्थेत मेंदूचा देठासारखा खालचा भाग, म्हणजे मस्तिष्कस्तंभ, स्नायूंना शिथिल ठेवतो, त्यामुळे स्वप्नातील धावपळ शरीरात उतरत नाही. हे नियंत्रण सुटले की झोपलेली व्यक्ती ओरडते, लाथा-बुक्क्या मारते, प्रसंगी पलंगावरून पडते. अमेरिकेतील मिनेसोटा येथे कार्लोस शेंक, मार्क माहोवाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1986 मध्ये या विकाराचे वर्णन केले. पुढे त्यांच्याच वयस्क पुरुष रुग्णांच्या पहिल्या गटातील बहुसंख्यांना पार्किन्सन किंवा तत्सम आजार जडल्याचे आढळले. अल्फा-सिन्यूक्लीन या प्रथिनाच्या गुठळ्या हालचालींशी निगडित पेशींपूर्वी मस्तिष्कस्तंभातील निद्रानियंत्रक पेशींना ग्रासतात, हे त्याचे संभाव्य कारण मानले जाते.

काही औषधांमुळे किंवा झोपेत श्वास अडखळल्यानेही अशी लक्षणे दिसू शकत असल्याने, रात्रभर मेंदूलहरी, श्वास व स्नायूंची नोंद घेणारी निद्राचाचणी निदानासाठी आवश्यक ठरते. मेलाटोनिन किंवा क्लोनाझेपाम यांनी, अर्थातच डॉक्टरांच्या सल्ल्याने, त्रास आटोक्यात ठेवता येतो. तथापि मूळ आजार थांबवणारे औषध अद्याप उपलब्ध नाही. म्हणूनच पलंगाजवळच्या टोकदार वस्तू हलवणे आणि अशा झोपेकडे म्हातारपणाची खोड म्हणून दुर्लक्ष न करता वेळीच मेंदूविकारतज्ज्ञांना भेटणे, ही कुटुंबीयांची मोलाची जबाबदारी आहे.