ही शाळा नक्की कोणाची? जिल्हा परिषद शाळेवर संशोधन करण्याआधी



पेट किंवा नेट पास झालात, आता विषय ठरवायचा आहे, आणि तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या डोक्यात 'ग्रामीण शाळा' आहे. विषय चांगलाच आहे. पण प्रश्नावली छापायला टाकण्याआधी एक काम करा. तुम्ही ज्या शाळेत जाणार आहात ती कोण चालवतं, हे कागदावर लिहून काढा. सोपं वाटतंय ना? मलाही वाटलं होतं.

मी विज्ञान शाखेतून आलेली. पायलट स्टडीच्या वेळी एका दोनशिक्षकी शाळेत मी मुख्याध्यापकांना विचारलं, "सर, शाळेचा वर्षाचा खर्च किती?" त्यांनी कपाटातून वही काढली आणि काही हजारांचा आकडा सांगितला. मी तो एक्सेलमध्ये टाकला आणि पटाने भागून 'प्रति विद्यार्थी खर्च' काढला. गाइडनी तक्ता बघून एवढंच विचारलं, "यात शिक्षकांचा पगार कुठे आहे?" कुठेच नव्हता. कारण पगार शाळेच्या वहीत येतच नाही. सरांचं उत्तर बरोबर होतं, माझा प्रश्न चुकीचा होता. मी शाळेला एक स्वतंत्र संस्था समजत होते. ती तशी नसते.

आधी हद्द बघा

नाशिकरोडचंच उदाहरण घ्या. स्टेशनच्या आसपासच्या सरकारी प्राथमिक शाळा नाशिक महानगरपालिकेच्या. देवळाली कॅम्पात गेलात की कॅन्टोन्मेंट बोर्डाचा कारभार. पुण्याच्या रस्त्याने पळसे-शिंद्याकडे गेलात की जिल्हा परिषद. त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाण्याकडे निघालात तर जिल्हा परिषदेच्या शाळांबरोबर शासकीय आश्रमशाळाही भेटतात, आणि त्या शिक्षण खात्याच्या नाहीत, आदिवासी विकास विभागाच्या आहेत. शिवाय खाजगी अनुदानित शाळा सगळीकडे आहेतच.

पाठ्यपुस्तक बहुतेक ठिकाणी बालभारतीचंच, पण मालक वेगळे, म्हणून परवानगीचे रस्तेही वेगळे. जिल्हा परिषद शाळेसाठी अर्ज शिक्षणाधिकारी (प्राथमिक) यांच्याकडे, मनपा शाळेसाठी मनपाच्या शिक्षण विभागाकडे, आश्रमशाळेसाठी एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाच्या प्रकल्प अधिकाऱ्यांकडे. नाशिक जिल्ह्यात असे दोन प्रकल्प आहेत, नाशिक आणि कळवण. चुकीच्या दारात अर्ज दिलात तर एक सत्र सहज जातं.

जिल्हा परिषदेची उतरंड

महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम १९६१ चा, आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. तेव्हापासून खेड्यातलं प्राथमिक शिक्षण मुख्यतः त्यांच्याकडे आहे. नाशिक जिल्ह्यात १५ तालुके आणि जिल्हा परिषदेच्या तीन हजारांहून जास्त शाळा. एवढा पसारा एका कार्यालयातून बघता येत नाही, म्हणून पायऱ्या आहेत.

सगळ्यात खाली शाळा. आसपासच्या काही शाळा मिळून एक केंद्र, त्याला केंद्रप्रमुख. काही केंद्रं मिळून बीट, तिथे विस्तार अधिकारी. तालुक्याला पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी. जिल्ह्याला शिक्षणाधिकारी आणि त्यांच्या वर मुख्य कार्यकारी अधिकारी, म्हणजे सीईओ. ही झाली अधिकाऱ्यांची बाजू. दुसरी बाजू निवडून आलेल्यांची: जिल्हा परिषद सदस्य, शिक्षण समिती, सभापती.

इथे संशोधकाने एक तारीख लक्षात ठेवावी. नाशिक जिल्हा परिषदेच्या सदस्यांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, निवडणुका लांबल्या आणि कारभार प्रशासकाकडे गेला. म्हणजे तुमचा डेटा २०१९ ते २०२४ असा असेल तर निर्णय घेणारी व्यवस्थाच मध्ये बदललेली आहे. तक्त्यात हा बदल दिसणार नाही. तो तुम्हाला माहीत असावा लागतो.

कोण काय ठरवतं?

शिक्षक जिल्हा परिषदेचा कर्मचारी, पण पगार राज्य शासनाच्या पैशातून, शालार्थ प्रणालीतून. भरती पवित्र पोर्टलवरून. बदल्यांचं धोरण शालेय शिक्षण विभागाचं नाही, ग्रामविकास विभागाचं, आणि २०१७ पासून जिल्ह्यांतर्गत बदल्या ऑनलाइन. प्रशिक्षण एससीईआरटी आणि डाएटकडून. पोषण आहाराचा तांदूळ केंद्राचा, रोजचं माप पहिली ते पाचवीला १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीला १५० ग्रॅम. वर्गखोलीसाठी पैसा समग्र शिक्षातून किंवा जिल्हा नियोजनातून. आणि पडकी खोली पाडायची असेल तरी निर्लेखनाचा प्रस्ताव वरपर्यंत जाऊन मंजूर होऊन यावा लागतो.

मग शाळेच्या हातात काय उरतं? समग्र शिक्षाचं संयुक्त शाळा अनुदान, तेही पटावर ठरणारं. लहान शाळेला १०,००० किंवा २५,००० रुपयांच्या घरात. माझ्या एक्सेलमध्ये गेलेला आकडा हाच. तो खर्च करायला मुख्याध्यापकांबरोबर शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांची सही लागते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार या समितीत ७५ टक्के पालक आणि एकूण निम्म्या महिला असायला हव्यात. शाळा विकास आराखडा करण्याचं कामही याच समितीचं.

थोडक्यात, जबाबदारी सगळी शाळेच्या दारात आणि अधिकार पाच-सहा ठिकाणी विखुरलेले. म्हणून 'मुख्याध्यापकांचं नेतृत्व आणि शाळेची गुणवत्ता' असा विषय घेणार असाल तर आधी विचारा, या माणसाला नक्की काय ठरवता येतं? तो शिक्षक निवडू शकत नाही, बदलू शकत नाही, खोली बांधू शकत नाही. याचा अर्थ काहीच होऊ शकत नाही असा नाही. त्र्यंबकेश्वर तालुक्यातली हिवाळीची शाळा वर्षाचे ३६५ दिवस भरते म्हणून प्रसिद्ध आहे, आणि तीही जिल्हा परिषदेचीच. पण हिवाळी समजून घ्यायची असेल तर आधी बाकीच्या शाळांना काय बांधून ठेवतं हे कळायला हवं.

सगळं फिरतं एका आकड्याभोवती

तो आकडा म्हणजे पट. कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीचा हिशोब सरळ आहे: ६० मुलांपर्यंत २ शिक्षक, ६१ ते ९० ला ३, ९१ ते १२० ला ४. स्वतंत्र मुख्याध्यापक दीडशेच्या वर. राज्यात दरवर्षी संचमान्यता होते, म्हणजे कोणत्या शाळेला किती पदं ते ठरतं, आणि त्यासाठी ३० सप्टेंबरचा पट धरण्याची पद्धत आहे.

६० मुलं असली तर पाच वर्गांना दोन शिक्षक. एक मूल वाढलं की तीन. विज्ञानवाल्यांचे डोळे इथे चमकतात. नैसर्गिक प्रयोगच आहे, ५९-६० वाल्या शाळा आणि ६१-६२ वाल्या शाळा यांची तुलना करू! करा, पण जपून. ज्या आकड्यावर माणसाचं पद अवलंबून आहे तो आकडा थर्मामीटरच्या वाचनासारखा नसतो. उंबरठ्याजवळच्या शाळेत प्रवेशासाठी घरोघर फिरणंही जास्त होतं. म्हणजे ५९ आणि ६१ मधला फरक योगायोगाचाच असेल असं धरता येत नाही.

आता तारीख बघा. सुरगाणा-पेठ भागातली कितीतरी कुटुंबं पावसाळ्यानंतर निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांवर मजुरीला येतात. ३० सप्टेंबरला पटावर असलेलं मूल जानेवारीत त्याच वर्गात असेलच असं नाही. ते खोटं मूल नाही, स्थलांतरित मूल आहे. तुमच्या तक्त्यात मात्र ते एकतर 'हजर' दिसेल, नाहीतर 'गळती' म्हणून. म्हणून पट आणि उपस्थिती हे दोन वेगळे कॉलम ठेवा आणि प्रत्येकाशेजारी तारीख लिहा.

हे नुसतं पद्धतिशास्त्र नाही

२०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातल्या दरेवाडीची मुलं शेळ्या घेऊन नाशिकला जिल्हा परिषदेवर मोर्चाने आली होती. भाम धरणामुळे विस्थापित झालेल्या वस्तीतली शाळा बंद करून त्यांना दुसऱ्या शाळेत जायला सांगितल्याचा तो वाद होता. मुलांचं म्हणणं थोडक्यात असं, की शाळा देणार नसाल तर दप्तरं घ्या आणि वळायला शेळ्या द्या.

या बातमीकडे दोन बाजूंनी बघता येतं. कार्यालयातून बघितलं तर थोडी मुलं, जवळ दुसरी शाळा, शिक्षक कमी, मग एकत्रीकरण बरं. वस्तीतून बघितलं तर मधला रस्ता, पावसाळा, लहान मुलं. महाराष्ट्राच्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी शाळा एक किलोमीटरच्या आत असावी असं आहे, ते या दुसऱ्या बाजूचंच म्हणणं आहे. दोन्ही बाजूंना आकडे आहेत. पण पहिल्या बाजूचे आकडे यू-डायसवर आयते मिळतात आणि दुसऱ्या बाजूचे चालत जाऊन मोजावे लागतात. कोणते आकडे प्रबंधात येतील हे आपल्या आळसावर ठरू नये. लहान शाळांचा प्रति विद्यार्थी खर्च जास्त येणारच, कारण छेद लहान आहे. एवढंच लिहून थांबलात तर तुमचा तक्ता कुणाच्या तरी फाइलला जोडला जाऊ शकतो, आणि त्या फाइलच्या शेवटी एक शाळा असते.

सुरुवात कशी कराल?

१. शाळेचा ११ अंकी यू-डायस क्रमांक मिळवा. पहिले दोन अंक राज्याचे (२७), पुढचे दोन जिल्ह्याचे (नाशिक २०), मग तालुका, गाव, शाळा. सारख्या नावाच्या वस्तीशाळांचा घोळ याने मिटतो.

२. शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी घ्या, पण तिथेच थांबू नका. प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या आणि केंद्रप्रमुखांना स्वतः भेटा. केंद्राच्या शिक्षण परिषदेत एक दिवस मागे बसलात तर आसपासच्या सगळ्या शाळांचे शिक्षक एकत्र भेटतात.

३. दोनशिक्षकी शाळेत एक सर मीटिंगला गेले की दुसऱ्या बाई सगळे वर्ग सांभाळतात. अशा दिवशी तुमची चाळीस प्रश्नांची प्रश्नावली पुढे करू नका. त्या दिवशी मुलांना वाचून दाखवा किंवा चक्क परत या.

४. प्रत्येक प्रश्नासमोर लिहा: हे ठरवण्याचा अधिकार कोणाकडे आहे? उत्तर 'शाळेकडे नाही' असं आलं तर तो प्रश्न त्या शिक्षकांना विचारू नका, योग्य कार्यालयात विचारा.

चौथा मुद्दा मी पायलटनंतर केला. माझ्या प्रश्नावलीतले निम्म्याहून जास्त प्रश्न त्यात गळाले. उरलेल्या प्रश्नांना मात्र खरी उत्तरं मिळाली.